पाण्याचा मुक्काम

केदारखेड्याच्या हायस्कुलातली प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, दोन टेबलं आणि मालनबाई. कपाटाची किल्ली विज्ञानाच्या अण्णासाहेब सरांकडे असे, पण कपाटात काय आहे हे मालनबाईला विचारावं लागे. परीक्षानळ्या धुणं, टेबलं पुसणं, रिकाम्या बाटल्या मांडून ठेवणं हे तिचं काम. आठ वर्षं ती हे करत होती. सर पोरांना पुढून शिकवत आणि मालनबाई खिडकीशी फडकं घेऊन उभी असे. फडकं हलत नसे, ही गोष्ट सरांच्या लक्षात आली होती, पण त्यांनी कधी टोकलं नाही. तेवढं श्रेय त्यांना देऊन टाकू.

दरवर्षी एक प्रयोग व्हायचा. विहिरीत टाकायचं लाल औषध थोड्या पाण्यात विरघळवायचं, त्याचा गुलाबी रंग थेंबाथेंबाने नळीतल्या पाण्यात सोडायचा. नळीत तेजाबाचे दोन थेंब आधीच घातलेले. पाणी स्वच्छ असलं तर दुसऱ्या थेंबालाच गुलाबी राहतं. पाण्यात काही कुजलेलं असलं तर रंग गिळत जातं; पाच थेंब, दहा थेंब, आणखी लागतील तेवढे. रंग टिकला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. अण्णासाहेबांना चाळीशीचा चष्मा होता. रंग टिकला की नाही हे ते खिडकीकडे बघून ठरवत, नळीकडे बघून नाही. मालनबाईने मान हलवली की ते म्हणत, "झालं, लिहून घ्या."

या बाईचं माहेर टेंभुर्णीचं. छप्पन्न साली घरादाराने दीक्षा घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती. लग्न होऊन ती पूर्णेकाठच्या वाघळखेड्याला आली. नवरा अप्पाराव, मजुरी करणारा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. अक्षरं ती प्रौढांच्या वर्गात शिकली. गुणाकार मात्र शिकली दुष्काळात. बहात्तरच्या सालात उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पाझर तलावाच्या कामावर गेली, तिथला मुकादम खड्ड्याचं माप दर वेळी कमी भरवायचा. मालनबाईने लांबी, रुंदी, खोली स्वतः मोजायला सुरुवात केली. आठवड्यात मुकादमाची नजर सुधारली.

तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, सगळं औरंगाबादेतच मोडायचं. वाघळखेड्याला नदीत दोन डोह. वरचा डोह गावाचा, खालचा बौद्धवाड्याचा. असं कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. दुष्काळात खालचा डोह तळापर्यंत आटला तेव्हा बौद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन सरळ वरच्या डोहावर गेल्या. कायदा त्यांच्या बाजूने होता आणि तहानही. गावाने तोंड वाकडं केलं, पण त्या वर्षी भांडायलासुद्धा कुणाच्या अंगात पाणी नव्हतं. पुढे पाऊस झाला, खालचा डोह अर्धा गाळाने भरला आणि बाया वरच्याच डोहावर येत राहिल्या.

आणि नेमकं तेव्हापासूनच वरच्या डोहाचं पाणी बिघडायला लागलं. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर एकदा आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पुन्हा. पाणी काळसर पडायचं, कुजका वास सुटायचा, मासे पोटं वर करून तरंगायचे. पोरांना हगवण लागायची, ती दोन्हीकडच्या पोरांना.

आता दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या की माणसं त्यांचं लग्न लावून मोकळी होतात. गावात भुजंगराव नावाचे बागाईतदार होते, ग्रामपंचायतीत त्यांचा शब्द चाले. पंचेचाळिशीचे, बोलायला गोड. त्यांनी चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात चावडीवर सभा बोलावली आणि विषय ठेवला, वरच्या डोहाला तारेचं कुंपण.

"कुणाला मनाई करायची म्हून न्हाई," भुजंगराव म्हणाले. "आरोग्याचा सवाल हाय. दोन सालापासून पाणी घाण होऊन राह्यलं. वाड्याची माणसं यायला लागली अन् घाण झालं. ज्याचा त्यानं विचार करावा."

"काय विचार करावा?" मालनबाईने विचारलं. रविवार होता, म्हणून ती गावात होती.

"आता मालन, मेलेली जनावरं, कातडी…"

"आमच्या सासऱ्यानं छप्पन्न सालीच मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. तुमची म्हैस मेल्ती तवा तुम्हीच ओढली, भुजंगराव. आख्ख्या गावानं पाह्यलं. तिसऱ्या आळीपत्तर गेल्ता, मंग बसला."

मागच्या बाजूला हसू फुटलं. तेवढ्यात कारभारीबाबा, पंचायतीतले सर्वांत म्हातारे, शांतपणे म्हणाले, "कशाला आडवळणं घेता. पाणी बाटलं. सरळ सांगा ना."

भुजंगरावांनी कपाळाला हात लावला. हा शब्द कागदावर आला असता तर फौजदार दारात आला असता, एवढं त्यांना कळत होतं.

मालनबाई म्हणाली, "बाटलं का नासलं, हे दोन शब्द अलग हायेत, बाबा. मला पंधरा दिवस द्या. मी सांगते काय झालं ते."

"तू सांगशील?"

"मी न्हाई, पाणी सांगन. मी मोजते फकत."

पंधरा दिवस मिळाले. शिवाय अण्णासाहेबांकडून एक बाटली लाल औषध, थोडं तेजाब, दोन नळ्या आणि एक सल्लाही मिळाला. सल्ला असा होता की मालनबाई, या भानगडीत माझं नाव घेऊ नका.

शाळेतून घरी अडीच कोस वाट, आणि वाट नदीच्या काठाकाठाने. केदारखेडा सोडून अर्धा कोस खाली आलं की नदी एक वळण घेते. तिथे पाच-सहा शेतकऱ्यांचे आखाडे, म्हणजे शेतावरची घरं-गोठे, होते. वळणापासून वाघळखेड्याच्या वरच्या डोहापर्यंत दोन कोसांत पाच डोह आणि त्यांच्यामध्ये पाण्याची बारीक धार. मालनबाई प्रत्येक डोहावर थांबून नळी भरी आणि थेंब मोजी. वाघळखेड्याला दोन थेंब. त्याच्या वरच्या डोहाला दोन. वळणावरसुद्धा दोनच. पण वळणावर तिला दुसरं काही दिसलं. काठावर अंबाडीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि दोन गडी त्या पाण्यात दाबून त्यांवर दगड ठेवत होते.

अंबाडी पाण्यात कुजवल्याशिवाय तिचा वाख सुटत नाही, आणि वाखाशिवाय दोर नाही. हे काही नवीन नव्हतं. पण दुष्काळाने एक करून ठेवलं होतं. ज्याने त्याने विहीर खोदली. विहिरीला मोट आली, मोटेला नाडा आला आणि नाड्याला अंबाडी. पूर्वी या वळणावर पन्नास-साठ पेंढ्या पडायच्या, आता सहाशे पडत होत्या. नदी तीच, आणि दिवाळीनंतर तिच्यात पाणी ते किती.

पेंढ्या गुरुवारी पाण्यात गेल्या. पाच दिवस थेंब दोनाचे तीन, तीनाचे पाच असे सरकत होते. सहाव्या दिवशी, बुधवारी उजाडता शाळेत जाताना तिने वळणावरचं पाणी तपासलं. नळीने बेचाळीस थेंब खाल्ले. तिने दुसरी नळी घेतली. तिनेही तेवढेच खाल्ले. आठ वर्षांत इतकं खादाड पाणी तिने पाहिलं नव्हतं.

आता हे पाणी वाघळखेड्याला कधी पोचणार, एवढंच सांगायचं होतं. मासे मरायच्या आधी दिवस सांगितला की झालं. बौद्धवाड्याने केलं असं मग कोण म्हणणार? नदीचा वेग मोजायला अण्णासाहेबांनी तरंगती वस्तू सोडून बघायला सांगितलं होतं. मालनबाईने सुट्टी काढून वाळलेला भोपळा वळणावर सोडला आणि ती त्याच्याबरोबर काठाने चालत निघाली. भोपळा धारेत छान पळे. डोहात शिरला की गोल गोल फिरे आणि काठाला लागून बसे. मालनबाई लांब काठीने त्याला ढकली, पुन्हा धारेला लावी आणि पुढे निघे. अंधार पडायच्या आत भोपळा वाघळखेड्याला. बाईने हिशेब केला, वर एक दिवस सैल धरला आणि चावडीवर सांगून टाकलं, "शुक्रवारी सकाळी डोह नासन. वरच्या अंबाडीनं."

शुक्रवारी सकाळी अर्धं गाव डोहावर. पाणी काचेसारखं. मासे असे उड्या मारत होते की त्यांना कुणी आमंत्रण दिलं असावं. मालनबाईने नळी भरली. दोन थेंब.

"काय मालनबाई," भुजंगराव म्हणाले, "अंबाडी रस्ता चुकली का?"

"एसटीनं आली असती तर टायमावर आली असती," कुणीतरी म्हटलं.

माणसं हसत घरी गेली. आणि शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास डोह काळा पडला. संध्याकाळपर्यंत शेकडो मासे वर आले होते. मालनबाईला वाटलं, चला, दीड दिवसाचा फरक, पण खरं तर झालं. पण रविवारच्या सभेत भुजंगराव उठले आणि तिचाच भोपळा तिच्या गळ्यात बांधला.

"शुक्रवार सांगितला, शुक्रवारी काही झालं न्हाई. इज्जत गेली म्हून शनिवारी वाड्यातून कुणीतरी डोहात काहीतरी घातलं. आता बिलकुल शक न्हाई. बाईला मासे मरायचा दिवस म्हाईत कसा, हे तरी सांगा."

झालं. काल जे नुसतं संशयाचं होतं ते आज पुराव्याचं झालं, आणि पुरावा तिनेच नेऊन दिला होता. अप्पाराव घरी आल्यावर म्हणाला, "थेंब बरोबर होते. दिवस चुकला." त्याचे त्या दिवसाचे पाच शब्द यावर खर्च झाले. बायको चुकली हे नवऱ्याला सांगावंच लागतं, पण काय चुकलं हे सांगणारा नवरा विरळा.

सभेने ठरवलं, महिनाअखेर तार ओढायची. हातात पंधरा दिवस होते. आणि तार एकदा ओढली की ती काढायला कोर्टात जन्म गेला असता, हे बौद्धवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सोमवारी मालनबाई वळणावर उतरली तेव्हा तिथे गोजरबाई वाख सोलत बसली होती. सत्तरीची, नवऱ्यामागे एकटीने आखाडा चालवणारी. सहाशेतल्या अडीचशे पेंढ्या तिच्याच. शिवाय वाघळखेडा तिचं माहेर आणि भुजंगराव तिचा सख्खा भाचा. मालनबाईने काहीच लपवलं नाही. भोपळ्यासकट सगळं सांगितलं.

गोजरबाईने वाखाची लड झटकली. "म्हंजे माझ्या अंबाडीनं माझ्या माहेरचे मासे मरून राह्यले, असं म्हन्तीस?"

"म्हन्ते, गोजरमाय."

"तोंड लई फटकळ हाय तुझं. बरं. भोपळा अडकला की तू काय केलं?"

"ढकलला काठीनं."

"अन् पाण्याला कोण ढकलतंय?"

मालनबाई तिच्यासमोर खाली टेकली.

"भोपळ्याच्या मागं तू होतीस काठी घेऊन," गोजरबाई म्हणाली. "पाणी काय असं जातंय? पाणी म्हंजे माहेरला निघालेली बाई. वाटंत पाच बहिणींची घरं. दर घरी मुक्काम. एक म्हन्ती जेवून जा, दुसरी म्हन्ती आज ऱ्हा. धारेत पळतंय, डोहात बसतंय. मंग कसं पोचन शुक्रवारी?"

हे ऐकून मालनबाई हसली नाही, की तिने तिचे पाय धरले नाहीत. तिने विचारलं, "गोजरमाय, तुमच्याकडं डांबराचं पिंप हाय ना? दुष्काळातलं?"

मुक्काम किती, हे मोजायचं तर दोन गोष्टी लागतात. घरात जागा किती, आणि दारातून तासाला माणसं किती येतात. अण्णासाहेब पुढे आयुष्यभर हे पोरांना शिकवताना फळा भरून लिहीत असत. मालनबाईने ते पिंपात मोजलं. वळणाच्या खाली खडकाची एक आडवी पट्टी होती आणि सगळी नदी तिथे एका खाचेतून खाली पडत असे. खाचेखाली पिंप लावलं तर ते वीस मोजेपर्यंत भरे. म्हणजे तासाला एकशे ऐंशी पिंपं. मग ती पाचही डोहांत उतरली. पावलांनी लांबी-रुंदी, बांबूने खोली. अप्पाराव दोरीचं दुसरं टोक धरून. पाझर तलावाच्या मुकादमाला मनातल्या मनात धन्यवाद देत तिने गुणाकार केले. पहिल्या डोहात तीन हजार पिंपं पाणी, तिसऱ्यात सगळ्यात जास्त, पाचही मिळून बारा हजार आठशे. भागिले एकशे ऐंशी. एकाहत्तर तास नुसते मुक्कामाचे, वर धारेचे दहा. बुधवारी उजाडता निघालेलं पाणी शनिवारी दुपारी तीनला पोचायला हवं.

ते पोचलंच होतं शनिवारी दुपारी तीनला.

तिने तो कागद अण्णासाहेबांपुढे ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भागाकार दोनदा करून पाहिला. मग म्हणाले, "मालनबाई, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आता माझं नाव घेतलं तरी चालेल."

"आता गरज न्हाई, सर," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. वळणावर बेचाळीस थेंब खाणारं पाणी वाघळखेड्याला आलं तेव्हा तिने शनिवारी मोजले होते वीस. वाटेत कुणी खाल्ले? नदीने. मधल्या डोहांचे आकडे तिने त्या आठवड्यात लिहून ठेवले होते, ते तिने शेजारी-शेजारी मांडले. डोह लहान असो की मोठा, साताला एक या हिशेबाने थेंब कमी होत होते. सात थेंबांतला एक प्रत्येक डोह जिरवत होता. नदी बिचारी स्वतःला धूत होती, पण सहाशे पेंढ्यांची धुणी एका बाईने किती धुवावीत.

पुढच्या खेपेच्या पेंढ्या त्याच बुधवारी पाण्यात पडल्या, पुन्हा सहाशे. मालनबाई चावडीवर गेली. सभा नव्हती, पण भुजंगराव आणि कारभारीबाबा बसले होते.

"डोहाला पहारा बसवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचीच माणसं. सोमवारपासून. वाड्यातलं माणूस डोहाच्या पन्नास पावलांत दिसलं तर सांगा. आमी खाली वाळूत झिरा खांदून पाणी भरू. मंगळवारी मी वेळ सांगन, अन् थेंबबी सांगन. तसं झालं न्हाई तर तार मी स्वतः धरीन ओढायला."

"तू म्हन्तीस ते लिहून देशील?" भुजंगरावांनी विचारलं.

"अंगठा न्हाई, सही करीन."

बौद्धवाड्यात यावरून चांगली बोलाचाली झाली. केशरबाई, मालनबाईची थोरली जाऊ, जिला कुणाच्या तोंडची भीती नव्हती, ती म्हणाली, "आपलं हक्काचं पाणी आपणच सोडायचं? ह्याला म्हन्तेत शहाणपण? अन् पुन्हा चुकलीस मंग?"

"चुकले तर तार हाय, जाऊबाई. न्हाई मोजलं तरी तार हायच."

केशरबाईने विचार केला आणि फावडं घेऊन झिरा खणायला तीच पहिली गेली. वाटभर मालनला शिव्या देत गेली, ही गोष्ट वेगळी.

मंगळवारी उजाडता मालनबाई वळणावर होती. बेचाळीस थेंब, मागच्यासारखेच. अण्णासाहेबांनी मागचाच हिशेब चालवायला सांगितला होता. एक्याऐंशी तास, म्हणजे शुक्रवारी दुपार. मालनबाईने तरी पिंप खाचेखाली लावलं. एकदा भोपळ्याने फसवलं होतं, तेवढं पुरे होतं. वीस मोजले, पिंप भरेना. पंचवीसला भरलं. आठवडाभरात नदी बारीक झाली होती. म्हणजे तासाला एकशे चव्वेचाळीस, आणि मुक्काम लांबला. एकोणनव्वद तास मुक्कामाचे, दहा धारेचे. तिने कागदावर लिहिलं, "शनिवार, सकाळी नऊ. एकोणीस थेंब." खाली सही केली आणि कागद कारभारीबाबांच्या हातात दिला. भुजंगरावांच्या हातात दिला नाही.

पाच दिवस डोहावर भुजंगरावांचे दोन गडी बसून होते. विड्या ओढून ओढून वैतागले. शुक्रवारी दुपार गेली, पाणी स्वच्छच. शुक्रवारी रात्री मालनबाईला झोप लागली की नाही हे विचारू नका; लागली होती, कारण सकाळपासून तिने दोन हंडे झिऱ्यातून वाटीवाटीने भरले होते.

शनिवारी साडेआठला सगळं गाव काठावर. बौद्धवाडा पन्नास पावलांवर, आखल्यासारखा. गोजरबाईही बैलगाडीने आली होती, भाच्याला न सांगता. डोह शांत होता.

"आज बी एसटी चुकली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

नऊला पाच-दहा मिनिटं असतील. डोहाच्या तोंडाशी, जिथे धार आत शिरते तिथे, चहात दूध सोडल्यासारखी, पण उलटी गोष्ट झाली. पांढऱ्यात काळं पसरत आलं. आधी वास आला. मग एक मासा वर आला, तोंड उघडं टाकून. मग दहा आले आणि मग मोजणं थांबलं.

गड्यांपैकी एकजण उठून उभा राहिला. "मालक, कुणी आलं न्हाई. पाच दिसांत चिटपाखरू आलं न्हाई. मी शपथ घेतो."

"तुला कुणी विचारलंय?" भुजंगराव म्हणाले.

मालनबाईने काठावर नळी भरली. तेजाब घातलं. थेंब सोडायला लागली तेव्हा अख्खं गाव मोजत होतं, आधी मनात, मग मोठ्याने. सतरा. अठरा. एकोणीस. रंग आला, डळमळला आणि गेला. विसावा पडला आणि गुलाबी तसंच राहिलं.

"वीस," भुजंगराव पटकन म्हणाले. "एकोणीस लिहिलं हाय. एक थेंब जास्त हाय."

"तो तुमच्या विडीवाल्यांचा," मालनबाई म्हणाली. "पाच दिवस थुंकून राह्यलेत डोहात."

आता मात्र गाव हसलं, आणि त्यात ते दोन गडीसुद्धा होते.

कारभारीबाबांनी कागद खिशातून काढला, दूर धरून वाचला, घडी घातली. म्हातारा हट्टी, पण प्रामाणिक. त्यांनी विचारलं, "मालन, एक सांग. बाटलेलं पाणी किती थेंब खातंय?"

"दोन, बाबा."

"अन् न बाटलेलं?"

"दोनच. मी केलंय ते बी. एक नळी गोजरमायच्या हातानं भरली, एक माझ्या. दोन्हीला दोन. बाटण्याला रंग न्हाई, वास न्हाई, थेंब न्हाई. ते पाण्यात नसतंयच."

कारभारीबाबांनी कागदाची घडी खिशात घातली. मग म्हणाले, "मंग इतकी वर्षं आमी काय मोजून राह्यलो होतो?"



तेवढ्यात गोजरबाई गाडीतून उतरली. "भुजंग्या," ती म्हणाली, "अंबाडी माझी हाय. मासे माझ्या अंबाडीनं मेले. तार ओढायचीच असंल तर माझ्या आखाड्याला ओढ, अन् मंग पुढच्या साली मोटेला नाडा कुठून आणशील ते बी ठरव." सख्ख्या आत्याने भर गावात भुजंग्या म्हटल्यावर बागाईतदाराला बागाईतदार राहता येत नाही.

सभा तिथेच काठावर झाली. ग्रामसेवकाने वहीत ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. "वरच्या डोहाचे पाणी वापरण्यास बौद्धवाड्यातील रहिवाशांना परवानगी देण्यात येत आहे."

गावाला वाटलं, झालं. बौद्धवाड्यातल्या दोघा-तिघांनाही वाटलं, झालं. मालनबाई म्हणाली, "परवानगी खोडा."

"का? तुमच्याच बाजूनं लिहिलंय की."

"देलेली परवानगी काढून घेता येती. आज मासे मेले म्हून देली, उद्या म्हैस मेली म्हून काढतान. असं लिहा, डोह गावाचा हाय. अन् गाव म्हंजे कोण, ते खाली लिहा. गाव अन् वाडा, दोन्ही नावं लिहा."

ग्रामसेवकाने भुजंगरावांकडे पाहिलं. भुजंगराव आत्याकडे बघत होते. कारभारीबाबा म्हणाले, "खोड रे. बाई बराबर बोलून राह्यली." त्याने खोडलं, नव्याने लिहिलं, आणि मालनबाईने ती ओळ स्वतः वाचल्याशिवाय वही मिटू दिली नाही. त्या दिवशी संध्याकाळी बौद्धवाड्यातल्या बाया वरच्या डोहावर गेल्या. पाणी भरायला नव्हे, ते नासलेलंच होतं. नुसत्या काठावर बसायला. केशरबाई तर पाय सोडून बसली आणि वास येतो म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं नाक मुरडत राहिली. पण उठली नाही.

खरं काम त्यानंतरचं. अंबाडी बंद करा म्हणणं सोपं होतं, आणि अण्णासाहेब तसंच म्हणत होते. मालनबाईने उलटा हिशेब घातला. वाघळखेड्याला सहा थेंबांपर्यंत मासे जगतात, हे तिने दोन्ही खेपांना काळं पाणी ओसरताना बघून ठेवलं होतं. तिथे सहा हवे असतील तर वळणावर तेरा चालतात. सहाशे पेंढ्यांचे बेचाळीस, तर तेरा थेंबांना पेंढ्या किती? एकशे पंच्याऐंशी. तिने गोजरबाईला सांगितलं, "एका वेळी पावणेदोनशे. एक खेप निघाली, पाणी दोन थेंबांवर आलं, की दुसरी. दुष्काळाच्या सालात शंभर. पिंप मी लावून सांगन."

"आमची अंबाडी संक्रांतीपत्तर भिजत ऱ्हाईल मंग."

"भिजू द्या. घाई कुणाला हाय, नाड्याला का माशाला?"

गोजरबाईने बाकीच्या आखाडेवाल्यांना गोळा केलं. त्यातले दोघे म्हणाले, एका शाळेतल्या बाईच्या सांगण्यावरून नदी वापरायची का? गोजरबाईने त्यांना त्या शनिवारचं सगळं सांगितलं, नऊच्या पाच-दहा मिनिटं आधीपासून. ते ऐकून ते पाळीने पेंढ्या टाकायला तयार झाले. दोनजणांनी तर काठाला खड्डे खणून त्यातच अंबाडी कुजवली, म्हणजे पाळीच नको.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर मालनबाई रोज शाळेतून येताना वरच्या डोहावर नळी भरायची आणि तिच्याभोवती पाच-सात माणसं उभी असायची. गावात आता लोक एकमेकांना भेटले की पावसापाण्याऐवजी विचारत, "आज किती खाल्ले?" तीन. चार. एकदा पाच झाले तेव्हा आख्खं गाव दिवसभर डोहावर फेऱ्या मारत होतं. एकही मासा मेला नाही. हगवणीची साथही त्या दिवाळीनंतर आली नाही, आणि याचं श्रेय डॉक्टरने घेतलं. घेऊ दे.

त्याच सालच्या पावसाळ्यात वळणावरची एक जमीन भुजंगरावांनी बटाईने केली आणि तिच्यात अंबाडी पेरली. पेंढ्या तयार झाल्यावर एका सकाळी ते सायकलवरून केदारखेड्याला आले आणि प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. आत पोरं होती, फळ्याशी अण्णासाहेब होते. भुजंगरावांनी चप्पल बाहेर काढली. का काढली, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मालनबाई," ते म्हणाले, "माझा नंबर कधी लागन?"

तिने फडकं खाली ठेवलं आणि वही उघडली. "गोजरमायची खेप मंगळवारी निघती. पाणी बसायला चार दिवस. तुमची पुढच्या सोमवारी. किती हायेत?"

"अडीचशे."

"पावणेदोनशे घाला. बाकीच्या नंतर."

"अडीचशे कर की, बाई. सत्तर-पंचाहत्तर पेंढ्यांनी काय होतंय? कुणाला कळन?"

"नळीला," मालनबाई म्हणाली आणि पुढच्या परीक्षानळीला ब्रश लावला.

पोरं बघत होती. भुजंगरावांनी चप्पल घातली, सायकल काढली आणि पुढच्या सोमवारी वळणावर मोजून एकशे पंचाहत्तर पेंढ्या पाण्यात दाबल्या.